माटुंगा–दादर परिसरातील देशी मैदानी खेळ आणि त्यांची मंडळे : एका शतकाच्या संघटनेचा आढावा

प्रास्ताविक

मुंबई बेटावर गिरगाव मागे टाकून उत्तरेकडे जाताना लालबाग, परळ, दादर आणि माटुंगा या एकमेकींना लागून असलेल्या वस्त्या लागतात. या वस्त्यांत कबड्डी, खो-खो आणि मल्लखांब या देशी खेळांची जी संघटना सुमारे शंभर वर्षांत उभी राहिली, तिला स्वतःची एक वास्तू नाही, एकच संस्थापक नाही आणि स्थापनेचा एकच दिवसही नाही. तरीही तिची घटना पक्की आहे : वस्तीतील मंडळ जिल्हा संघटनेशी संलग्न असते, जिल्हा संघटना राज्य संघटनेशी आणि राज्य संघटना राष्ट्रीय महासंघाशी. गल्लीत खेळायला शिकलेला मुलगा याच पायऱ्या चढून देशाच्या संघापर्यंत पोहोचू शकतो. म्हणून या सर्व मंडळांचा आणि त्यांच्यावरील संघटनांचा इतिहास हा एकाच संस्थेचा इतिहास मानून या लेखात मांडला आहे. या इतिहासाचे मुख्य सूत्र असे की, देशी खेळ मुंबईत टिकले ते प्रत्येक संघ आपल्या वस्तीच्या नावाने आणि वस्तीच्या बळावर मैदानात उतरला म्हणून. सरकारी मान्यता, पदके आणि दूरचित्रवाणी यांचे साहाय्य त्यांना पुष्कळ नंतर मिळाले.

नियमांची घडण

कबड्डी हा खेळ महाराष्ट्रात पूर्वी हुतूतू या नावाने, तमिळ प्रदेशात सडुगुडु किंवा चेडुगुडु या नावाने आणि बंगालमध्ये हाडुडू या नावाने खेळला जात असे, आणि गावागणिक त्याचे नियम वेगळे असत. बाद झालेला गडी पुन्हा मैदानात घ्यावयाचा की नाही, या एका प्रश्नावरून खेळाचे तीन प्रकार पडले होते. संजीवनी प्रकारात प्रतिपक्षाचा गडी बाद होताच आपला बाद गडी परत येई. गामिनी प्रकारात संपूर्ण संघ बाद होईपर्यंत कोणीही परत येत नसे. आणि अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदानातच राही व प्रतिपक्षाला केवळ गुण मिळे. पुढे संजीवनी प्रकार मान्य झाला आणि आजची स्पर्धात्मक कबड्डी त्याच पायावर उभी आहे.

नियम लिहून काढण्याचे काम पुणे आणि बडोदे येथे सुरू झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खो-खोचे प्राथमिक नियम तयार केले. कबड्डीच्या नियमांची जुळवाजुळव १९१८ पासून महाराष्ट्रात चालू होती. १९२३ मध्ये ते नियम छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यात त्यांच्या आधारे अखिल भारतीय स्पर्धा भरविण्यात आली. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० च्या दशकात हुतूतू आणि खो-खो यांच्या नियमांची पुस्तिका प्रसिद्ध केली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने, ज्याची स्थापना १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी केली होती, १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने परदेशी प्रेक्षकांसमोर भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली, तेव्हा या खेळांना शिस्तबद्ध रूप प्राप्त झाल्याचे दिसून आले. लिखित नियमांचे महत्त्व असे की, त्यांच्यामुळे परळचा संघ कोल्हापूरच्या किंवा मद्रासच्या संघाशी वाद न होता खेळू शकला. ज्या खेळाचे नियम गावाच्या वेशीवर बदलतात, त्याची जिल्हा किंवा राज्य पातळीवरील स्पर्धा भरविता येत नाही.

वस्ती आणि मैदान

१८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर शहरातील दाटी कमी करण्यासाठी १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि दादर, माटुंगा, वडाळा व शीव या भागांतील शेते आणि मोकळ्या जागा आखीव वसाहतींसाठी घेण्यात आल्या. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पाच उद्यानांचा परिसर आणि किंग्ज सर्कल ही या नियोजनाची फळे होत. या आखणीत रस्त्यांच्या कडेला झाडे, इमारतींभोवती मोकळी जागा आणि वस्तीसाठी राखून ठेवलेली मैदाने होती, ही बाब खेळांच्या दृष्टीने निर्णायक ठरली. पुढे माटुंग्यात रेल्वेची कर्मशाळा आली, १९२३ मध्ये आजची वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था येथे स्थलांतरित झाली, १९३७ मध्ये रुईया आणि खालसा ही महाविद्यालये व १९४१ मध्ये पोदार महाविद्यालय सुरू झाले, आणि या परिसराला कामगार व विद्यार्थी असे दोन्ही प्रकारचे तरुण लाभले. दक्षिणेकडून येऊन माटुंग्यात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबांना सडुगुडु घरचाच होता. त्यामुळे हा खेळ येथे मराठी घरांपुरता मर्यादित राहण्याचे कारण नव्हते.

दादरच्या पश्चिमेस १९२५ मध्ये लोकांसाठी खुले झालेले मैदान १९२७ मध्ये, शिवजयंतीच्या त्रिशतकी वर्षात, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या प्रयत्नाने शिवाजी पार्क या नावाने ओळखले जाऊ लागले. या मैदानावर क्रिकेटच्या जोडीने देशी खेळांनाही हक्काची जागा मिळाली.

दक्षिणेकडे लालबाग, परळ, वरळी आणि नायगाव या गिरणी भागात, म्हणजे गिरणगावात, परिस्थिती वेगळी होती. तेथे चाळी, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या व बीडीडी चाळी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या इमारती, गिरण्यांची आवारे आणि त्यांच्यामधील अरुंद मोकळ्या जागा एवढेच काय ते उपलब्ध होते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते, त्यासाठी चेंडू, बॅट किंवा जाळी लागत नाही, आणि माती भुसभुशीत करून, पाणी मारून, फक्कीने रेषा आखल्या की दोन चाळींच्या मधल्या पटांगणातही सामना होऊ शकतो. खो-खोला दोन टोकांना खांब आणि सुमारे २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद जागा लागते, शिवाय धावण्यासाठी कडेचा मोकळा पट्टाही हवा असतो. यामुळे कबड्डी गिरणी भागातील चाळींच्या आश्रयाने आणि खो-खो दादर, माहीम व माटुंगा येथील शाळांच्या व मोठ्या मैदानांच्या आश्रयाने अधिक बहरला, असा निष्कर्ष या भूगोलावरून सहज निघतो. अर्थात अनेक मंडळांनी हे दोन्ही खेळ जोपासले.

मंडळ : संघटनेचा पाया

मंडळ ही गिरणगावाची खास सामाजिक संस्था आहे. कोकण, घाट आणि देश येथून आलेला कामगार मुंबईत गाववाल्यांच्या खोलीत राही, खानावळीत जेवी आणि मोकळ्या वेळी गल्लीच्या किंवा गावाच्या नावाने स्थापन झालेल्या मंडळात जाई. लालबागच्या गणेश गल्लीतील सार्वजनिक गणेशोत्सव १९२८ मध्ये आणि लालबाग बाजारातील उत्सव १९३४ मध्ये सुरू झाला. अशा उत्सवांभोवती जी मंडळे उभी राहिली, त्यांतील पुष्कळांनी वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत व्यायामशाळा, वाचनालय, भजन, नाटक आणि कबड्डी यांना स्थान दिले. उत्सवाची वर्गणी गोळा करणारे आणि सामन्याची मांडणी करणारे हात एकच असल्याने संघाला वेगळा आश्रयदाता शोधावा लागत नसे.

दादरचे अमर हिंद मंडळ, दादर पूर्वेचे शिवनेरी सेवा मंडळ, दादरचा विजय क्लब, परळचा डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब, लोअर परळचा जय भारत सेवा संघ, वरळीचे गोल्फादेवी सेवा मंडळ आणि खो-खोमध्ये ओम समर्थ भारत व्यायाम मंदिर व विद्यार्थी क्रीडा केंद्र ही नावे स्पर्धांच्या वृत्तांतांत वर्षानुवर्षे येत राहिली आहेत. यांतील अनेक नावांत सेवा, संघ किंवा मंदिर हे शब्द आढळतात, आणि ते त्या मंडळांच्या कामाशी जुळणारे आहेत. अमर हिंद मंडळाने खेळांच्या बरोबरीने व्याख्यानमालेची परंपरा चालविली, तर इतर मंडळांनी वैद्यकीय शिबिरे, वह्यावाटप आणि अभ्यासिका यांसारखी कामे अंगावर घेतली.

मंडळाचा कार्यकर्ता हा या संघटनेचा खरा आधारस्तंभ होय. संघाचा सराव संध्याकाळी, कामावरून आणि शाळेतून मुले परतल्यावर होतो. त्या वेळी मैदान आखणे, दिवे लावणे, लहान मुलांना पकडीचा सराव देणे, जखमी खेळाडूला दवाखान्यात नेणे, प्रवेश अर्ज भरणे आणि परगावच्या स्पर्धेसाठी गाडीभाडे जमविणे ही सर्व कामे तो विनामोबदला करतो. पंच म्हणून काम करू इच्छिणाऱ्याला संघटनेची पंच परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते, आणि सामन्यात पंचांच्या जोडीला सरपंच, गुणलेखक, वेळाधिकारी व रेषापंच असा मोठा ताफा लागतो. या ताफ्यातील पुष्कळ जण निवृत्त खेळाडू असतात, त्यामुळे खेळाडूचे मैदानाशी असलेले नाते खेळणे थांबल्यावरही तुटत नाही.

जिल्हा : निष्ठेची दुसरी पायरी

मंडळाच्या वरची पायरी जिल्ह्याची. संलग्न मंडळे दरवर्षी आपल्या खेळाडूंची नोंदणी करतात, वय व वजन यांच्या मर्यादेनुसार किशोर आणि कुमार गटांत आणि पुढे पुरुष व महिला गटांत संघ उतरवितात, आणि जिल्हा अजिंक्यपद व निवड चाचणी स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडला जातो. कबड्डीत हे काम मुंबई शहर कबड्डी असोसिएशन करते आणि खो-खोमध्ये मुंबई खो-खो संघटना. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र महसुली जिल्हा झाल्यानंतर शहर आणि उपनगर या दोन ओळखी प्रशासनातही वेगळ्या झाल्या. माहीम आणि शीव येथे शहर जिल्ह्याची हद्द संपत असल्याने माटुंगा हे शहराच्या उत्तर टोकाजवळचे ठाणे ठरले. राज्य स्पर्धेत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे संघ समोरासमोर येतात, तेव्हा एकाच कार्यालयात काम करणारे किंवा एकाच लोकलने प्रवास करणारे खेळाडू परस्परांविरुद्ध उभे राहतात आणि त्या सामन्याला विशेष धार येते.

या रचनेचे सर्वांत जवळचे परदेशी उदाहरण आयर्लंडमध्ये सापडते. त्या देशातील हर्लिंग, म्हणजे वक्र लाकडी काठीने लहान चेंडू मारण्याचा अतिवेगवान खेळ, आणि गेलिक फुटबॉल, ज्यात चेंडू हाताने व पायाने दोन्ही प्रकारे खेळविता येतो, या खेळांच्या संवर्धनासाठी मायकेल क्युसॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १ नोव्हेंबर १८८४ रोजी टिपरेरी काउंटीतील थर्ल्स या गावी गेलिक अॅथलेटिक असोसिएशनची स्थापना केली. तेथे ख्रिस्ती धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, पातळीवर क्लब असतो, क्लबांमधून काउंटीचा संघ निवडला जातो आणि ३२ काउंट्यांच्या स्पर्धेतून अखिल आयर्लंड विजेता ठरतो. काउंटी म्हणजे ढोबळपणे आपल्याकडील जिल्हा. ती विभागणी मुळात इंग्रजी राजवटीने कारभारासाठी केलेली होती, परंतु या खेळांनी तिला लोकांच्या अभिमानाचा विषय बनविले. डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ८० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर अंतिम सामना खेळणारे काउंटीचे खेळाडू आजही खेळासाठी वेतन घेत नाहीत. ते शिक्षक, शेतकरी किंवा कारकून असतात आणि सामन्यानंतर आपल्या कामावर परततात.

दोन्ही संघटनांचा जन्म परकीय सत्तेच्या काळात, आपल्या मातीतले खेळ मागे पडू नयेत या भावनेतून झाला. मात्र मार्ग सर्वस्वी एक नव्हता. आयरिश संघटनेने आपल्या सभासदांना क्रिकेट, रग्बी यांसारखे खेळ खेळण्यास बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये उठविली. माटुंगा–दादर परिसरात अशी बंदी कधीच नव्हती, आणि दडकर मैदानावर किंवा शिवाजी पार्कवर सकाळी क्रिकेट खेळणारा मुलगा संध्याकाळी कबड्डीच्या मातीत उतरत असे. दुसरे साम्य स्थलांतराचे आहे. आयरिश लोक लंडन आणि न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांनी तेथेही क्लब स्थापिले, आणि आज त्या दोन्ही शहरांचे संघ कॉनॉट प्रांताच्या फुटबॉल स्पर्धेत भाग घेतात. कोकणातील गावकऱ्यांनी मुंबईत ग्रामस्थ मंडळे स्थापून गावाच्या नावाने संघ उतरविले, यामागची प्रेरणा त्याच जातीची होती. आपल्या माणसांपासून दूर आलेल्या तरुणाला संघाच्या नावात आपले गाव भेटत असे.

गिरणी, कचेरी आणि खेळाडूची नोकरी

हौशी खेळाडूला उपजीविका हवीच असते, आणि मुंबईत ती गिरण्या, रेल्वे, गोदी, बेस्ट, बँका आणि सरकारी कचेऱ्या यांनी पुरविली. १९५३ च्या कायद्यानुसार स्थापन झालेल्या कामगार कल्याण मंडळाने गिरणी भागात कल्याण केंद्रे चालविली आणि कामगारांसाठी कबड्डी स्पर्धा घेतल्या. प्रभादेवीजवळचे हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन हे त्या परंपरेचे ठळक चिन्ह आहे. रेल्वे, बंदर न्यास, बँका आणि खाजगी कारखाने यांचे व्यावसायिक गटातील संघ उभे राहिल्याने चांगल्या चढाईपटूला किंवा पकडपटूला खेळाच्या बळावर नोकरी मिळू लागली, आणि गिरणगावातील कुटुंबांच्या दृष्टीने कबड्डीला प्रतिष्ठा येण्याचे ते एक मोठे कारण होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. अनेक कुटुंबे गावी परतली किंवा ठाणे, डोंबिवली, विरार, पनवेल या बाजूंना गेली. वर्गणीदार कमी झाले, मैदानांभोवती उंच इमारती आल्या आणि मंडळाच्या संघात वस्तीत न राहणारे खेळाडू दिसू लागले. या पडझडीच्या काळातही स्पर्धा चालू राहिल्या, याचे श्रेय घर बदलूनही संध्याकाळी लोकलने जुन्या गल्लीत सरावाला येणाऱ्या खेळाडूंना आणि कार्यकर्त्यांना आहे. वस्ती विखुरली तरी मंडळ तिच्या आठवणीचे आणि भेटीगाठीचे ठिकाण म्हणून उरले, आणि म्हणूनच संघही उरला.

महिलांचे संघ

महिलांची राष्ट्रीय कबड्डी स्पर्धा १९५५ मध्ये कलकत्त्यात सुरू झाली आणि खो-खोची १९६०–६१ मध्ये कोल्हापुरात. महिलांच्या कबड्डीचे मैदान १२ मीटर लांब व ८ मीटर रुंद असून सामना प्रत्येकी १५ मिनिटांच्या दोन सत्रांचा होत आला, तर पुरुषांचा प्रत्येकी २० मिनिटांचा. नियमपुस्तिकेत जागा मिळणे आणि प्रत्यक्ष मैदानात उतरणे यांत मोठे अंतर होते. मुलीला अर्ध्या विजारीत खेळू देणे, सरावानंतर अंधार पडल्यावर घरी येऊ देणे आणि परगावी संघाबरोबर पाठविणे या प्रत्येक गोष्टीसाठी प्रशिक्षकाला आणि कार्यकर्त्यांना पालकांचा विश्वास मिळवावा लागला, आणि तो विश्वास वस्तीच्या ओळखीतूनच मिळाला. शिवशक्ती महिला संघ आणि डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लब यांनी राज्यभरच्या स्पर्धांत जो दबदबा निर्माण केला, त्यामागे हे घरोघरचे काम होते.

मार्च २०१२ मध्ये पाटणा येथे झालेल्या महिलांच्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत भारताने इराणचा पराभव केला, तेव्हा विजेत्या संघात महाराष्ट्राच्या सुवर्णा बारटक्के, दीपिका जोसेफ आणि अभिलाषा म्हात्रे या तिघी होत्या, आणि राज्य शासनाने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांचे पारितोषिक दिले. अभिलाषा म्हात्रे यांना २०१५ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोमध्ये जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ नेपाळला हरवून विजेते ठरले आणि त्या दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते. महाराष्ट्रातील मंडळांनी दोन पिढ्या जपलेल्या कौशल्याची ती पावती होती : पळतीच्या बाजूने हुलकावणी देत वेळ काढणे, आक्रमणाच्या बाजूने अचूक क्षणी खो देणे आणि खांबाजवळ सूर मारून गडी टिपणे ही अंगे दोन-तीन महिन्यांच्या शिबिरात येत नाहीत.

मल्लखांब आणि श्री समर्थ व्यायाम मंदिर

या परिसराच्या क्रीडाजीवनात मल्लखांबाचे स्थान वेगळे आहे, कारण तो संघांच्या चुरशीपेक्षा साधनेचा खेळ आहे. लाकडी खांबावर किंवा टांगलेल्या दोरावर शरीराचा तोल सांभाळीत विविध पकडी, उड्या आणि आसने करण्याची ही विद्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभट्टदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केली, अशी परंपरा आहे. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने ती शिवाजी पार्कवर रुजविली, आणि मराठी मुलांबरोबर परदेशी विद्यार्थ्यांनाही तिचे शिक्षण दिले. या संस्थेचे उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांपर्यंतही ही विद्या पोहोचविली; त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री देण्यात आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा शिवाजी पार्कवरच झाली, आणि मुंबईच्या हिमानी परब यांना २०२१ चा अर्जुन पुरस्कार मिळाल्याने मल्लखांबाला राष्ट्रीय क्रीडा सन्मानांत स्थान लाभले.

राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय मान्यता

१९३८ मध्ये कलकत्त्यातील भारतीय ऑलिम्पिक क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९५२ मध्ये मद्रास येथे पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९६१ मध्ये विद्यापीठांच्या आणि १९६२ मध्ये शालेय क्रीडास्पर्धांत या खेळाला प्रवेश मिळाला, तेव्हा माटुंगा आणि दादर येथील शाळा-महाविद्यालयांच्या संघांना नियमित व्यासपीठ मिळाले आणि मंडळातील मुलांना शिक्षण व खेळ यांची सांगड घालता आली. खो-खोची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९–६० मध्ये विजयवाड्यात भरली. १९७२ मध्ये भारतीय हौशी कबड्डी महासंघ स्थापन झाला, १९७४ मध्ये भारतीय संघाने बांगलादेशाचा दौरा केला आणि १९८० मध्ये कलकत्त्यात पहिली आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली.

या वाटचालीत महाराष्ट्राकडून सर्वांत मोठे योगदान शंकरराव साळवी यांचे होय. बुवा या आदरयुक्त नावाने ओळखले जाणारे साळवी यांनी राज्यभर फिरून संघटना बांधली, पंच आणि प्रशिक्षक तयार केले आणि हा खेळ आशियाई देशांपर्यंत नेण्यासाठी आयुष्य वेचले. कबड्डीमहर्षी ही लोकांनी त्यांना दिलेली पदवी आहे आणि १५ जुलै हा त्यांचा जन्मदिन महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. १९८२ च्या दिल्ली आशियाई क्रीडास्पर्धांत प्रात्यक्षिक म्हणून खेळली गेलेली कबड्डी १९९० मध्ये बीजिंग येथे पदकाचा खेळ झाली आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. २००४ मध्ये पुरुषांची पहिली विश्वचषक स्पर्धा मुंबईत झाली, त्या वेळी गल्लीतील मैदानात उभारी धरलेला खेळ जगाचे पाहुणे घेऊन आपल्याच शहरात परतला होता. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे रिशांक देवाडिगा यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाचा पराभव करून दीर्घ खंडानंतर राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, तेव्हा या मैदानांवर पुन्हा उत्साह संचारला.

व्यावसायिक लीग आणि मॅटचे युग

२६ जुलै २०१४ रोजी वरळीतील एनएससीआयच्या बंदिस्त क्रीडागृहात यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्या सामन्याने प्रो कबड्डी लीगचा आरंभ झाला. पहिल्या हंगामात यू मुंबा उपविजेता राहिला आणि २०१५ मध्ये बंगळुरू बुल्सला हरवून विजेता ठरला. खो-खोमध्ये २०२२ साली अल्टिमेट खो-खो ही लीग सुरू झाली. प्रो कबड्डी लीगमुळे खेळाडूला प्रथमच खेळातून थेट आणि सन्माननीय उत्पन्न मिळाले, चढाई, अव्वल पकड म्हणजे मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरले असताना केलेली यशस्वी पकड, आणि लोण म्हणजे सर्व प्रतिस्पर्धी बाद केल्याबद्दलचे दोन गुण या संज्ञा घराघरांत परिचित झाल्या, आणि मुलींसह अनेक नवी मुले मैदानात आली.

लीगच्या संघात मात्र देशभरातील खेळाडू बोलीने घेतले जातात, त्यामुळे शहराचे नाव धारण करणाऱ्या संघात शहरातील मंडळांचे खेळाडू असतीलच असे नाही. मातीची जागा मॅटने घेतल्यामुळे पडताना होणाऱ्या जखमा कमी झाल्या आणि खेळ वेगवान झाला, पण मॅट, बूट आणि बंदिस्त जागा यांचा खर्च लहान मंडळांना पेलवत नाही. मातीवर शिकलेल्या मुलाला राज्य निवड चाचणीत मॅटवर उतरावे लागते, तेव्हा त्याच्या पायांना नव्याने शिकावे लागते. म्हणून मॅट सामायिक वापरासाठी उपलब्ध करून देणे ही आजच्या जिल्हा संघटनांपुढील व्यावहारिक गरज आहे.

पुढील कर्तव्ये

शतकाच्या या वाटचालीतून तीन गोष्टी ठळकपणे समोर येतात. पहिली मैदानाची. माटुंगा आणि दादर येथील मोकळ्या जागा शंभर वर्षांपूर्वी नियोजनाने राखल्या गेल्या म्हणून हे खेळ येथे वाढले. गिरणी भागात आणि बीडीडी चाळींच्या जागी आज पुनर्विकास होत असताना नव्या इमारतींच्या आवारात कबड्डीचे एक मैदान आणि खो-खोसाठी एक पटांगण राखण्याचा आग्रह मंडळांनी, रहिवासी संघांनी आणि महापालिकेने एकत्र धरला पाहिजे. कबड्डीसाठी लागणारी जागा इतकी थोडी आहे की, ती न देण्याला पटण्याजोगे कारण सापडत नाही.

दुसरी नोंदींची. मंडळांच्या संघांची, विजयांची, पंचांची आणि कार्यकर्त्यांची माहिती जुन्या वृत्तपत्रांत, स्मरणिकांत, पेटीतल्या प्रमाणपत्रांत आणि वृद्ध खेळाडूंच्या आठवणींत विखुरलेली आहे. आयर्लंडमध्ये पुष्कळ क्लबांनी आपले इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले आहेत. मुंबईतील प्रत्येक मंडळाने आपल्या खेळाडूंची यादी, छायाचित्रे आणि जुन्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती आता जमविल्या, तर पुढील पिढीला आपल्या संघाचा आधार कोठून आला हे कळेल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मंडळाच्या स्वायत्ततेची. लीग, प्रायोजक आणि शासकीय योजना यांचे स्वागत करताना हे ध्यानात ठेवावे लागेल की, खेळाडू घडविण्याचे काम आजही संध्याकाळी मैदान आखणाऱ्या कार्यकर्त्याच्या हातून होते. व्यावसायिक लीगच्या उत्पन्नातील ठराविक वाटा खेळाडूच्या मूळ मंडळाकडे जावा, मुलींच्या सरावासाठी सुरक्षित वेळ आणि जागा राखली जावी, आणि शाळा, मंडळ व जिल्हा यांच्यातील दुवा दृढ व्हावा, ही मागणी या परिसरातील सर्व संलग्न मंडळांनी एकमुखाने मांडली, तर आयरिश क्लबांनी आपल्या काउंटीसाठी जे साधले ते मुंबई शहर जिल्ह्यासाठीही साधता येईल. वस्तीच्या नावाने उतरणाऱ्या संघांनी या खेळांना एक शतक पुरविले. दुसऱ्या शतकाची तजवीज करण्याचे दायित्व आता त्या वस्त्यांत राहणाऱ्या आणि तेथून दूर गेलेल्या अशा सर्वांवर समान आहे.